मेपलचं सोनं

१३ जुलै २०२५, रविवार.
टूवूंबात येऊन तीन आठवडे झाले. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये माणसं फार, म्हणून मला कोणी ओळखत नव्हतं. इथे माणसं कमी, तरी कोणी ओळखत नाही. उपाय हवा.
उपाय सापडला. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत एक जागा रिकामी आहे. दसऱ्यानंतरच्या सभेत भरणार. सध्या मंडळात मी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, तोही इतरांचं शुद्धलेखन सुधारण्यापुरता.

१६ जुलै, बुधवार.
अध्यक्ष देवयानीताईंचा मेसेज. दसऱ्याला सोनं म्हणून काय वाटायचं? गेल्या वर्षी पुण्याहून आणलेली आपट्याची पानं विमानतळावर तपासणीत पकडली गेली, बिनमध्ये टाकावी लागली. त्यांनी ‘आपट्याचि’ लिहिलं होतं. सुधारून पाठवलं.
मग एकदम सुचलं. मेपल! पान सोनेरी, ऐटदार, पाच टोकांचं. आपट्याला दोनच. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय की मेपलची पानं ऑक्टोबरमध्ये सोनेरी होतात. दसरा दोन ऑक्टोबरला. निसर्गाने तारीख धरून ठेवली होती, फक्त कोणी बघितलं नव्हतं.
वेबसाइट कॅनडाची आहे. मेपल त्यांच्या झेंड्यावर आहे, तेव्हा त्यांनाच विचारणं योग्य.

२७ जुलै, रविवार.
बारा पानी आराखडा तयार. प्रकरण एक, जाती. शुगर मेपलचं सिरप होतं. जॅपनीज मेपलचं बोन्साय होतं. क्वीन्सलँड मेपलची कपाटं होतात. प्रकरण दोन, उपयोग. व्हायोलिनची पाठ, बास्केटबॉल कोर्टाची जमीन, भाजी चिरायचा पाट, आणि आता सोनं. प्रकरण तीन, मी.
‘मॅपल’ की ‘मेपल’ यात अडीच तास गेले. मेपल.
देवयानीताई फोनवर म्हणाल्या, बरं बरं, बघ तू. लेखी नसली तरी ही मान्यताच.

३ ऑगस्ट, रविवार.
रूममेट धम्मदीप हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आराखडा वाचून म्हणाला, अरे येड्या, ऑक्टोबरमध्ये इथे स्प्रिंग असतो. त्याला शांतपणे समजावलं की ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे असतात हे मलाही माहीत आहे, पण महिना तोच असतो ना? यावर त्याने आराखडा मिटून माझ्या हातात दिला. पटलं असावं.
शिफ्टला जाताना दारातून म्हणाला, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन त्याच दिवशी, पण आम्हाला पानं वाटावी लागत नाहीत. सुटलो.

१७ ऑगस्ट, रविवार.
मंडळातली निहारिका इथल्या युनीत वनस्पतींवर पीएचडी करते. तिला शेजारच्या रस्त्यावरची मेपल दाखवली. तेवीस मोजून ठेवली होती. ती म्हणाली, ही लिक्विडअंबर. मेपलच्या फांदीवर कळ्या समोरासमोर असतात, याच्या एकाआड एक. मग आराखडा चाळून म्हणाली, क्वीन्सलँड मेपलही मेपल नव्हे, नुसतं नाव.
मी विचारलं, मग या भागात मेपल आहे तरी कुठलं? म्हणाली, तुझ्याच मागच्या कुंपणापाशी. बॉक्स एल्डर. इथे त्याला तण समजतात, उपटून टाक.
तेवीसचं एक झालं. पण ते एक माझ्या घरी आहे. याला योग म्हणतात.
बाकीच्या गोष्टी तिला नंतर समजावीन. शिक्षण जास्त झालं की असं होतं. माझा हॉर्टिकल्चरचा कोर्स मी वेळीच थांबवला.

१४ सप्टेंबर, रविवार.
पालवी फुटली. हिरवी. पानं तीन-तीन. पाच टोकं नाहीत. आराखड्यात ‘पाच’ खोडून ‘अनेक’ केलं.
हिरवा ही सोनेरीच्या आधीची पायरी. अजून अठरा दिवस आहेत.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
रोज सकाळी पान रंगाच्या कार्डाशी ताडून पाहतो. जास्तच हिरवं होतंय. झाडाचं पाणी बंद केलं. धम्मदीप म्हणाला, पेशंटला उपाशी ठेवून कावीळ होते का रे?
देवयानीताईंना ‘काम जोरात’ असं कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला. निवड जवळजवळ नक्की.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
हिरवं. पण मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, म्हणजे दोन दिवस हातात.
कॅनडावाल्यांना सविस्तर ईमेल केली. तासाभरात उत्तर आलं, तुम्ही कुठल्या गोलार्धात आहात? प्रश्नाला उलट प्रश्न. म्हणजे त्यांच्याकडे उत्तर नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. आर्वो, म्हणजे इथली दुपार.
सोनेरी स्प्रे आणला. एकशे साठ पानं गॅरेजमध्ये पसरून रंगवली. डब्यावर लिहिलंय, लोखंडावर पंधरा मिनिटांत सुकतो. पान लोखंडाहून पातळ. दहा पुरतील. मग थप्पी लावून प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद केली.

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७.१०.
सविस्तर लिहिणं भाग आहे.
पहिलं पान पद्माकर काकांना दिलं. ते मंडळाचे सर्वांत जुने सभासद. उलटसुलट करून म्हणाले, बेल आहे का रे? महादेवाला वाहायचा? सांगितलं, मेपल आहे. म्हणाले, असेल बाबा.
मग सगळे एकमेकांना सोनं घ्या, सोन्यासारखे राहा म्हणत मिठ्या मारायला लागले. दसऱ्याला लोक मिठ्या मारतात, हा मुद्दा आराखड्यात राहिला होता. दहा मिनिटांत हॉलमधल्या प्रत्येक पाठीवर सोनेरी पंजा. वाकून नमस्कार केल्यामुळे ज्येष्ठांचे पायही सोन्याचे. देवयानीताईंची उर्वी ओरडली, मम, यू हॅव अ हँड ऑन युअर बॅक! देवयानीताईंनी पैठणी नेसली होती.
तेवढ्यात पद्माकर काकांनी गाडीतून पिशवी आणली. ब्रिस्बेनच्या मेहुण्याच्या अंगणातल्या कांचनाची पानं. हुबेहूब आपट्यासारखी. म्हणाले, दर वर्षी आणतो, लागली तर असावीत. मी देवयानीताईंना विचारलं, मग जुलैत ग्रुपवर का विचारलंत? त्या म्हणाल्या, अरे, ग्रुप फार शांत होता म्हणून सहज टाकलं. तू एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. विश्राम, आता तू जरा विश्राम घे.
काळजी दिसते. एकूण सर्वांवर छाप पडली.

५ ऑक्टोबर, रविवार.
रेशमावरून रंग कसा काढावा, यावर ग्रुपवर दोन परिच्छेद टाकले. त्यानंतर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येतंय. तांत्रिक बिघाड असावा.

११ ऑक्टोबर, शनिवार.
आज सभा. भाषण पाठ आहे. धम्मदीपने गाडीने सोडलं. मी उतरताना म्हणाला, हे बघ, मागे बस आणि काही बोलू नकोस, माझ्या राजा. काही लोकांना दुसऱ्याचं पुढे जाणं बघवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार.
रिकाम्या जागेवर निहारिकाची निवड झाली. एकमताने. मीही हात वर केला होता. भाषणासाठी केला होता, तो मतांत मोजला.
सभेचं इतिवृत्त आज ईमेलने आलं. ठराव तीन, कार्यक्रमात ओला रंग आणू नये. शेवटी एक वाक्य, ‘एका उत्साही सभासदाने नवीन प्रयोग केला.’
चार वेळा तपासलं. ‘उत्साही’ बरोबर आहे. ‘प्रयोग’ बरोबर आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. माझं नाव कुठेही नाही.