आकडा खरा आहे

प्रिय ठकू,

रसाची बाटली पोचली. तीन जुन्या टॉवेलांत गुंडाळून वर सुतळी बांधलीस, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत पार्सल घेणाऱ्या बाईंना वाटलं कुणी तान्हं मूलच पाठवलंय. चिठ्ठीत लिहिलंस, की या खेपेचा रस पाणचट लागतो, रंगही फिका आहे, म्हणूनच गाठीला उतार पडत नसावा, तेवढं तपासून कळव. अक्षर तुझं अजून तसंच, टपोरं. फक्त ओळी उजवीकडे खाली उतरायला लागल्यात. ते पाहिलं आणि चिठ्ठी एप्रनच्या खिशात घालून मी कामाला लागले, कारण दुसरं काही सुचेना.

आमची ही तपासणी म्हणजे नेमकं काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. काचेच्या नळीत एक गडद जांभळं रसायन घ्यायचं, त्यात थेंबभर रस टाकायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं. रसात अँटिऑक्सिडंट जितकी जास्त, तितका तो जांभळा रंग उडतो. किती उडाला ते यंत्र मोजतं आणि आकडा देतं. संपलं. तुझ्या त्या दूरदेशीच्या फळाचा रस रंग झटकन उडवतो, म्हणून त्याचा आकडा मोठा. पण साधी काळी द्राक्षं, कोरा चहा, हेसुद्धा या परीक्षेत बऱ्यापैकी गुण मिळवतात. त्यांच्या वेष्टनावर तुझ्या बाटलीसारखं घनदाट जंगलाचं चित्र नसतं, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. आणि माणसाचं पोट म्हणजे काचेची नळी नव्हे गं. प्यालेल्यातलं बरंचसं रक्तापर्यंत पोचतच नाही, पोचतं तेही काही तासांत बाहेर पडतं. छातीतल्या गाठीला त्याचा पत्ताही लागत नाही. हे मला अठरा वर्षांपासून ठाऊक आहे.

लहानपणी तू कडू औषध घ्यायचीस ते मी आधी चाखून दाखवल्यावरच. आईने कान धरला तरी तोंड उघडायची नाहीस. मी चमचा ओठांना लावायची, ओठ घट्ट मिटून गिळल्याचं सोंग करायची आणि म्हणायची, गोड आहे. तू डोळे मिटून घटकन प्यायचीस. पुढे शाळा, नोकरी, लग्न, सगळ्यात तुझं ते चालूच राहिलं: ताई म्हणतेय ना, मग झालं. तुझे अहो तर थट्टेने मला वरचं कोर्ट म्हणतात. मला ते आवडायचं. आता खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मागच्या वर्षी शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, त्याच आठवड्यात तू फोन केलास. मी फोन खांद्याने कानाशी दाबून नळ्या विसळत होते. तू विचारलंस, बाटलीवर छापलेला आकडा तुमच्याच प्रयोगशाळेचा ना, खरा आहे ना? ठकू, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात, की गिऱ्हाईक विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. आकडा विचारला तर आकडा. त्या रसाने कुणाचं काय भलं होतं, हे विचारत कुणी नाही आणि आम्ही सांगत नाही. तीच सवय जिभेवर बसलेली. मी म्हणाले, हो, खरा आहे, मीच काढलाय. वर थोडा तोराही मिरवला, आपलं काम दुकानादुकानांत पोचल्याचा. तू शस्त्रक्रिया पुढे ढकलणार आहेस हे तू बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी तुझ्या अहोंकडून कळलं. म्हणाले, ताईंनीच सांगितलंय म्हणते, मग मी काय बोलणार. तेव्हाच धावत यायला हवं होतं. मी काय केलं, तर फोनवर चाचरत म्हणाले, डॉक्टरांचंही ऐक हं. तू हसलीस आणि मी फोन ठेवला. आकडा खरा असला तरी तुझ्या कामाचा नाही, एवढं वाक्य तोंडातून निघेना. मला माझी खुर्ची जपायची होती, तुझ्या मनातली. आणि गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही.

तर बाटलीचा निकाल. बाटली चांगली आहे. आकडा पूर्वीइतकाच. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा मनात म्हणत होते, कमी येऊ दे. कमी आला असता तर कंपनीच्या नावाने बोटं मोडता आली असती, तुला आणि मलाही. रसात खोट नाही. खोट माझ्या त्या उत्तरात होती.

एवढं सांगायला मी पत्र लिहिलं नसतं. खरंच नसतं; तुझा भरवसा तुझ्यापाशी ठेवून मी भेकडासारखी गप्प राहिले असते. पण चिठ्ठीच्या शेवटी तू आनंदाने लिहिलंस, की दवाखान्यातल्या बाकावर भेटलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनाही तू हा रस सुरू करून दिलास, आणि तुझ्यामुळे एकीची कापाकापी टळली. मी तुझ्या अहोंकडून त्यांचा नंबर घेतला. त्यांची गाठ लहान आहे, ठकू. वेळेत काढली तर त्या वाचण्यासारख्या आहेत. मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, तुमची बहीण सांगेल तेव्हा बघू. त्यांचा विश्वास तुझ्यावर आहे. म्हणून फोन तुलाच करावा लागेल, आणि या रसाने काही होत नाही हे तुझ्याच तोंडाने म्हणावं लागेल. ते म्हणताना तुला काय होईल, ते मला कळतं. तुझ्याजवळ उरलेलं तेवढंच आहे आणि मी तेच मागतेय. माझ्याशी बोलू नकोस, मला दारात उभी करू नकोस, मी तक्रार करणार नाही. त्यांनी सोमवारपर्यंत होकार दिला तर त्यांची शस्त्रक्रियेची जुनी तारीख मिळते, मी दवाखान्यात विचारून ठेवलंय.

तुझीच, आणि तुझी गुन्हेगार,
ताई