अप्पांनी घासलेली पट्टी

१८ सप्टेंबर २०२५

नवा संच आला! दोन स्प्रिंगा, तीन स्क्रू आणि चाप अडवून धरणारी नखाएवढी पट्टी. एवढंसं सामान, डबा केवढा! दसऱ्यानंतर अमूल्याची निवड-स्पर्धा, आणि लेकीला माझीच जुनी एअर रायफल हवी. गेल्या महिन्यात ट्रंकेतून काढली तिनं. "अम्मा, चाप जड आहे. आतलं ओल्ड सगळं चेंज करू, अल्वा? हो ना?"

करू म्हटलं. पण आतली पट्टी अप्पांच्या हातची आहे.

१९ सप्टेंबर

दिवसभर अप्पांचं शिलाईचं दुकान आठवत राहिलं. त्र्याण्णव साल. गिऱ्हाइकांचे दसऱ्याचे ब्लाउज बाजूला सारून अप्पा तीन संध्याकाळी ती पट्टी घासत बसले होते — कात्रीला धार लावायच्या दगडावर! चष्मा कपाळावर, गळ्यात टेप तसाच. "बघ मगळे, बघ पोरी, आता ओढ." काय हलका झाला होता चाप! तेवढं सुख मला पुढे पदकानंही दिलं नसतं.

२१ सप्टेंबर

पुढचं लिहायचं टाळत होते. लिहितेच.

त्या साली निवड-स्पर्धेत शेवटच्या दहा नेमांना चाप अडखळायला लागला. दोन गुणांनी संघ हुकला. घरी येऊन सगळ्यांदेखत ओरडले — "शिंप्यानं कपडेच शिवावेत, अप्पा!" मी रायफल कोपऱ्यात आपटली, दुसऱ्या दिवशी ट्रंकेत टाकली. अप्पांनी परत विषय काढला नाही. मी माफी मागितली नाही. बत्तीस वर्षं!

२८ सप्टेंबर

आज चाप उघडला. पट्टी जशीच्या तशी! कड अजून लख्ख. खाचेत मात्र लाल खपली, कडक. अमूल्या म्हणाली, "गंज." टोकरून बघितलं. गंज कसला — कुंकू!

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आयुधपूजा होती. रायफलीला गंध-कुंकू मीच लावलं होतं. बोट भरून, ओलं, चापालासुद्धा. वाळत गेलं तसं खाचेत घट्ट बसलं आणि चाप अडकू लागला.

मीच! अप्पा नाहीत, मीच!

पट्टी पुसून परत बसवली. स्प्रिंगा तेवढ्या नव्या. अमूल्यानं ओढून बघितलं आणि नुसती हसली.

२९ सप्टेंबर

अप्पांना सांगायचं धाडस होत नाही.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

सांगितलं. रडतच सांगितलं.

"ठाऊक होतं ग," अप्पा म्हणाले. "त्याच संध्याकाळी उघडून बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पूजा करून गेली होतीस. देवाचं लावलेलं बाधलं म्हणून कसं सांगू? माझंच चुकलं असू दे म्हटलं. होतं तसं बंद केलं. बिडु, सोड ते, सुम्ने उगाच रडू नकोस."

मग अप्पांनी अमूल्याकडून कुंकवाची वाटी मागून घेतली आणि रायफलीला एक टिकली लावली — दस्त्याच्या टोकाला, चापापासून चांगली हातभर लांब.