थोडा हातभार

अप्पा, काल मी माझंच घर दुसऱ्यांदा विकत घेतलं. पूर्ण नाही, चौथा हिस्सा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात साडेदहाला जाऊन बसले, दोन वाजता आमचा नंबर लागला. तुमचा मुलगा पुण्याहून सकाळच्या गाडीनं आला होता. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो आणि मधल्या जागेत त्यानं आपली बॅग ठेवली होती. अंगठ्याच्या यंत्रावर त्याचा अंगठा दोनदा उमटला नाही, तेव्हा मीच म्हणाले, "पुसून ठेव, घाम आलाय." सवय, दुसरं काय. लहानपणी त्याचे हात मीच पुसायची. मग त्यानं सही केली, मी सही केली, आणि पंधरा वर्षं ज्याचे हप्ते भरले ते घर एकदाचं कागदावर माझं एकटीचं झालं. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघत तो म्हणाला, "अक्का, राग नाही ना?" मी म्हणाले, "तुझ्यावर नाही." ते खरंच आहे. त्याच्यावर नाही. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली तरी तो तुमच्यावर आहे.

तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतात. माग अडला की कामगार तुम्हाला हाक मारायचे, तुम्ही नुसता आवाज ऐकून सांगायचात कुठं काय ढिलं झालंय ते. तिथं तुमचा शब्द चालायचा. घरी मात्र आपल्याला भिंतीत खिळा ठोकायची मुभा नव्हती, कारण दोन्ही खोल्या भाड्याच्या. मी आठवीत आहे. शाळेत मिळालेलं प्रशस्तिपत्र काचेत बसवून आणलंय आणि वरवंट्यानं खिळा ठोकतेय. तिसऱ्या ठोक्याला मालक जिना चढून वर येतात आणि दारातूनच विचारतात, "भिंत कुणाची हाय?" तुम्ही ताटावरून उठता, माझ्या हातातला वरवंटा काढून घेता आणि मालकांच्या देखत माझ्या पाठीत धपाटा घालता. "चुकलं मालक, पोरीला कळत न्हाय." तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मालक गेल्यावर आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "एका खिळ्यापायी मारलं व्हय पोरीला?" तुम्ही पुढं जेवला नाहीत. मोठं झाल्यावर घर घ्यायचं असं मी त्याच दिवशी ठरवलं, असं सांगायला बरं वाटतं. खरं तर त्या दिवशी मला फक्त पाठीचं दुखणं आणि तुमचा राग एवढंच कळत होतं.

नर्सिंगला तुम्ही मला जाऊ दिलंत, हे मी नाकारत नाही. पहिली नोकरी लागली तेव्हा सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणून दिलंत, नाडी मोजायला. ते तुम्ही कारखान्यातल्या कुणाला तरी विचारून, तीन दुकानं फिरून आणलं होतं. असली एखादी गोष्ट आठवली की राग धड रागही राहत नाही, आणि त्याचाही मला राग येतो. तुमचा फंड निघाला तो सगळा भावाच्या इंजिनिअरिंगला गेला. तो हुशार होताच. पण घराचं मी सुरू केलं ते माझ्या एकटीच्या जिवावर. दर महिन्याला पगार झाला की आधी बँकेत जायची आणि मग बाजारात. सुट्टीच्या दिवशी दुसरीच्या जागी ड्युटी करायची. रुग्णालयातून घरी चालत यायची, उन्हाळ्यातसुद्धा, सोलापूरच्या. आई गेली त्या वर्षी साठवलेले थोडे मोडावे लागले, पुन्हा सुरू केलं. स्थळं येत होती. एकानं विचारलं, बाजूला टाकलेले पैसे मुलगी बरोबर आणणार का. तुम्ही त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलंत. त्या दिवशी मला वाटलं होतं, हे पैसे माझे आहेत हे अप्पांना कळतं. दहा वर्षं लागली. बत्तिसाव्या वर्षी माझ्याकडं डाऊन पेमेंट होतं, आणि जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरचा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेला एक फ्लॅट मी पाहून ठेवला होता.

बिल्डरच्या ऑफिसात तुम्ही लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून आला होतात. फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "पहिलं नाव कुणाचं?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्ही तुमचं पूर्ण नाव सांगायला लागलात, आजोबांच्या नावासकट, सावकाश, तिला नीट लिहिता यावं म्हणून. तिनं पेन थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, पैसे तुमचे, हप्ता तुमच्या पगारातनं जाणार. काकांचं नाव कशाला अडकवताय? पुढं वारसांचा घोळ होतो." ती माझ्यापेक्षा लहान होती आणि तिला सगळं दिसत होतं. तुम्ही हसलात. "बापाचं नाव पहिलं नको का? आमच्यात असं नसतंय. आणि वारस म्हंजे कोण, हिचा भाऊच की." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणालात, "जल्मभर दुसऱ्याच्या घरात राहिलो. एकदा कागदावर येऊ दे की." मी फॉर्म तुमच्याकडं सरकवला. कर्जाच्या कागदांवर तुम्हीही सह्या केल्यात, लई झोकात. पेन्शन तुम्हाला जेमतेम औषधापुरती मिळायची. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं.

वास्तूला गावाहून, मैंदर्गीहून, सगळे आले. जंगमस्वामींनी पूजा केली, पंगत बसली. मी स्वयंपाकघरात हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, पातेलं उतरवत होते. बाहेर काकू कानडीतून घराचं कौतुक करत होती, मनी छलो ऐती, मनी छलो ऐती, आणि कुणीतरी तुम्हाला विचारलं, एवढं जमवलं कसं? तुम्ही म्हणालात, "जमवलं आपलं. पोरीचा बी थोडा हातभार लागला." थोडा हातभार. पातेल्याचा काठ माझ्या मनगटाला लागला आणि भाजलं, त्याचा डाग अजून आहे. मी बाहेर येऊन सगळ्यांना वाढलं. तुम्हालाही वाढलं, वर तूप जास्त घातलं. तुम्ही एवढ्या आनंदात होतात की माझा चेहरा तुमच्या लक्षातही आला नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही हातोडी घेऊन घरभर खिळे ठोकत फिरलात, अकरा खिळे, आणि त्यातल्या सातांवर लावायला आपल्याकडं काही नव्हतं. मी ड्युटीवरून यायची आणि नवा खिळा मोजायची. तेव्हाच तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं की अप्पा, हे बरोबर नाही. पण तुम्ही भिंतीवरून हात फिरवत उभे असायचात, आणि मी भाजी चिरायला घ्यायची.

तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आत मी मैंदर्गीच्या शेतावरचं हक्कसोड पत्र भावाला करून दिलं. त्यानं मागितलंसुद्धा नव्हतं नीट, चुलत्यांनी सांगितलं आणि मी गेले. बहिणीनं भावाकडं हिस्सा मागायचा नसतो हे तुम्ही आयुष्यभर घरात म्हणत आलात. मला एक इरकल मिळालं, जांभळं. चांगलं आहे, मी नेसते. भावानं बहिणीकडं मागायचा असतो की नसतो, हे मात्र तुम्ही कधी बोलला नाहीत, कारण बहिणीकडं काही असेल हे तुमच्या डोक्यातच नव्हतं. या उन्हाळ्यात घराचा शेवटचा हप्ता फिटला. बँकेनं कागद परत दिले आणि सोसायटीनं सांगितलं, पहिलं नाव वडिलांचं आहे, दुसऱ्या वारसाची सही आणा. मी त्याला फोन केला. वाटलं, पेढे कुठले आणू एवढंच विचारायचं राहिलंय.

पलीकडं त्यानं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, मी वकिलाशी बोललोय. अप्पांच्या अर्ध्यातला अर्धा माझा येतो."

"येतो."

"मी मागितला नसता. पण हितं घर बघतोय. डाऊन पेमेंटला कमी पडतंय. मालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो, पोरींची शाळा बदलावी लागते."

"शेताचं मी काय घेतलं होतं रे?"

"ते अप्पाच म्हणायचे की, शेत मुलाचं." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "आणि घराला पैसे अप्पांनीच घातले होते ना जास्त? तू हातभार लावलास, ते मला माहितीय."

मी फोन ठेवला. तो खोटं बोलत नव्हता, अप्पा. तो तेव्हा हॉस्टेलवर होता, त्याला तुम्ही जे सांगितलं तेच तो धरून बसला होता. माझी दहा वर्षं तुम्ही त्याच्यासमोर तुमच्या नावावर लावली होती. मी पासबुकं काढून त्याला पाठवू शकले असते. दोन दिवस ती टेबलावर काढून ठेवली होती. पण मग त्याच्या लेखी तुमचं काय राहिलं असतं? इथंही मीच तुमची अब्रू सांभाळली. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कर्ज काढलं आणि त्याचं डाऊन पेमेंट भरलं. बँकेतला मुलगा अर्ज वाचून म्हणाला, मॅडम, हे घर तर तुमचंच दिसतंय.

हे सगळं मी तुम्हाला तोंडावर बोलू शकले असते. तुम्ही चांगले बहात्तरपर्यंत जगलात, रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यालात. मी बोलले नाही, ते एक असो. पण आणखी एक आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. तुम्ही आमच्याच रुग्णालयात होतात. दुपारी मी तुमचं सलाईन बघायला आले तेव्हा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "वकिलाला बोलाव की. घर तुला देऊन टाकतो." तुमचे रिपोर्ट मी सकाळीच वाचले होते. किती दिवस उरलेत हे मला डॉक्टरांइतकंच कळत होतं. एका फोनचं काम होतं, वकील समोरच्याच इमारतीत बसायचा. पण तुम्ही म्हणालात, देऊन टाकतो. माझं घर, मला. मी तुमचा हात सोडवून सलाईनची नळी सरळ केली आणि म्हणाले, "तुमच्या घराचं नंतर बघू. आधी बरे व्हा." तुम्ही खिडकीकडं तोंड केलंत. चौथ्या दिवशी गेलात.

हे भावाला सांगितलेलं नाही, आता सांगणारही नाही, म्हणून हे पान कपाटातच राहील. गेल्या महिन्यात वकिलानं मला विचारलं, "वडिलांनी मृत्युपत्राचं कधी बोलणं काढलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही. कधीच नाही."