मदाम रेजिनकडची पातळ भाकरी

रमजानच्या आदल्या दिवशी

आज कैरोला पोचले. मावशीनं सांगितलं तसंच घर आहे, चौथा मजला. लिफ्ट आहे, पण तिच्या मनात आलं तर चालते. स्वयंपाकघराच्या मागची छोटी खोली माझी एकटीची. फयूमला आम्ही चार बहिणी एका गादीवर झोपतो आणि मला कायम कडेची जागा, म्हणून मी आज मुद्दाम मधोमध आडवी झाले.

मदाम रेजिन ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. बोलतात अगदी जुन्या सिनेमातल्यासारखं. पॅरिसला भाऊ असतो, त्याच्याशी फोनवर दुसऱ्याच भाषेत बोलतात. माझं काम म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, औषधं, आणि संध्याकाळी टीव्ही लावून देणं, कारण त्यांना रिमोटची बटणं दिसत नाहीत. मला इन्तिसार न म्हणता बाळा म्हणतात.

खाली दरवान बशंदीकाका बसतात. त्यांनी विचारलं, काय गं फयूमवाली, तुमच्याकडची बदकंसुद्धा बोलतात, तुला काय झालं. मी खाली मान घालून वर आले. उत्तर मला सुचतं, पण जिना चढून झाल्यावर. शाळेतही तसंच व्हायचं. आठवीत बाईंनी अब्बांना बोलावून सांगितलं, हिला नाव विचारलं तरी रडते, घरी ठेवा. ठेवली. म्हणून ही वही.

रमजान १

मदाम रोजा धरत नाहीत, पण अजान होईपर्यंत माझ्यासाठी जेवायच्या थांबल्या. ख्रिश्चन असतील.

तिसऱ्या मजल्यावरची वाएलची आई कतायेफची ताटली घेऊन आली. गरम, आत अक्रोड, वरून पाक. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, ताटली परत येईल तेव्हा कळेल पोरी तुझ्या हाताला चव आहे का. ताटली रिकामी पाठवायची नाही हे मला काय सांगायला लागतं. मी खीर घालून पाठवली. ताटली न्यायला तिची धाकटी मलक आली होती, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. जिन्यातच बोट घालून चाटून बघितलं.

जेवण झाल्यावर सिरीयल. रमजानचे तीस दिवस, तीस भाग. अख्ख्या इमारतीत तीच लावतात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळ्या मजल्यांचा आवाज एकदम येतो. जुन्या काळातली गल्ली आहे, गल्लीत सगळे चांगले. फक्त एक यहुदी अत्तरवाला आणि त्याची म्हातारी आई, ते वाईट. म्हातारीला चिकटवलेलं नाक आहे. मदाम म्हणाल्या, बाळा, माझी नजर अधू, बघ तरी नाक सुटतंय का. खरंच कडेचा डिंक दिसत होता. आम्ही दोघी एवढं हसलो की मदामना ठसका लागला.

रमजान ६

सिरीयलमध्ये पाववाल्याचं पोरगं हरवलंय. मला दिवसभर तेच डोक्यात. भाजीवाला म्हणाला, मला पहिल्याच भागात कळलं होतं अत्तरवाल्याकडेच आहे. वाएलची आई जिन्यात म्हणत होती की हे सगळं खरं घडलेलं आहे, उगाच का दाखवतील. बशंदीकाका म्हणाले, पुस्तकात आहे सगळं. भाजीवाल्यानं विचारलं, तुम्ही कधी वाचायला लागलात. काकांना सहीसुद्धा येत नाही. सगळे हसले. मीपण.

मदाम हल्ली सिरीयल बघताना हसत नाहीत. अत्तरवाला झालेल्या नटाबद्दल म्हणाल्या, पूर्वी विनोदी कामं फार छान करायचा, पोट आहे बिचाऱ्याला.

रमजान १२

दोन दिवस नुसती साफसफाई. मदाम खुर्चीत बसून काठीनं दाखवतात, ते काढ, ते पण. पाव, पीठ, शेवया, टोस्ट, डब्याच्या तळाचा चुरासुद्धा. सगळं बशंदीकाकांना दिलं. काका म्हणाले, म्हातारीच्या अंगात काय आलंय कळत नाही, पण चांगलं आलंय.

वाएलच्या आईची ताटली आज पुन्हा आली, रव्याची गोड बासबूसा घातलेली.

रमजान १४

आज मजा आली. एक बाई नवीन पिठाचा पुडा देऊन गेल्या. मदामनी घड्याळ समोर ठेवलं आणि म्हणाल्या, पाणी घातल्यापासून अठरा मिनिटं, एकही जास्त नाही. मीठ नाही, काही नाही. पीठ आणि पाणी. मळलं मी, लाटलं मी, काट्यानं टोचे मारले मी. मदाम नुसत्या ओरडत होत्या, चल चल चल. पापडासारखी पातळ भाकरी, गोल, कडेला थोडी करपलेली. सतराव्या मिनिटाला शेवटची निघाली. मदामनी माझ्या कपाळाची पापी घेतली.

संध्याकाळी टेबलावर पांढरी चादर घातली, मेणबत्त्या लावल्या. मदामनी एक जुनं पुस्तक उघडलं, त्यातली अक्षरं मला वाचता येईनात. मी विचारलं. मी, आपणहून. मदाम, तुमचं चर्च कुठलं. त्या म्हणाल्या, आम्ही यहुदी गं बाळा, हा आमचा बिनखमिराच्या भाकरीचा सण, मावशीनं नाही सांगितलं?

मी मेणबत्ती सरळ करत राहिले. मग त्यांनीच टीव्ही लावायला सांगितला, नाहीतर खालचे विचारतात आज यांच्याकडे आवाज का नाही. टीव्हीवरची म्हातारी सुरीला धार लावत होती. मी मदामच्या हातांकडे बघितलं. हातावर तसेच तपकिरी ठिपके. सगळ्याच म्हाताऱ्यांच्या हातावर असतात, माझ्या आजीच्यापण आहेत.

तरी मी खोलीला आतून कडी लावलीय.

रमजान १५

माझ्या हातून काय झालं ते नीट लिहिते.

वाएलच्या आईची ताटली धुऊन ठेवलेली होती, तीन दिवस झाले. मदाम झोपल्या होत्या. घरात पाव नाही, पीठ नाही. मला वाटलं, भाकरी मी केलेल्या आहेत, चांगल्या झाल्यात, माझ्या हाताला चव आहे हे त्यांनाही कळू दे. चार भाकऱ्या ठेवल्या, कडेला संत्र्याचा मुरंबा. अजान झाल्यावर मलक आली, दारातच एक मोडून खाल्ली आणि म्हणाली, कुरकुरीत आहे, अजून दे. मला एवढं बरं वाटलं.

मग पंधरावा भाग लागला. टीव्हीवरची म्हातारी पीठ मळते. त्यात वाटीतलं लाल ओतते. पोराचं. मग गोल लाटते. काट्यानं टोचे मारते. आणि ताटलीत घालून गल्लीत घरोघर पाठवते, शेजाऱ्यांना.

मी उठून उभी राहिले. खालच्या टीव्हीवर तेच संगीत चाललं होतं. मग खाली ताटली फुटल्याचा आवाज आला.

मदाम म्हणाल्या, काय पडलं गं. मी म्हटलं, मांजर असेल.

रमजान १६

मलकला रात्री उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाला गोड फार खाल्लंय. बशंदीकाका म्हणाले, डॉक्टरला काय कळतं, तो सिरीयल बघत नाही.

वाएलची आई जिन्यात भेटली. माझ्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखी बोलली, काय घातलं होतं त्यात. उत्तर माझ्या तोंडात होतं. पीठ आणि पाणी, काकू, मीच मळलंय. एवढंच. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ती माझ्या हातांकडे बघत मागं सरली. मी हात पाठीमागं घेतले. का घेतले? तेच चुकलं.

रमजान १७

भाजीवाल्यानं काही दिलं नाही. संपलं म्हणाला, समोर टमाट्यांचा ढीग.

दारात कुणीतरी कचरा ओतलाय. मी मदाम उठायच्या आत काढला.

अब्बांचा फोन. तिकडंही सिरीयल बघतात सगळे. आजच्या आज ये म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, ती तुला काही खायला घालते का. मी म्हणणार होते की मी तिला घालते. फोन ठेवून दिला.

बशंदीकाकांनी खुर्ची फाटकापासून उचलून समोरच्या फुटपाथवर ठेवलीय. जाताना म्हणाले, तुझं काही नाही गं फयूमवाली, तू निघ. चेष्टा केली नाही.

मदाम खोकल्या की मी दचकते. हे लिहायची लाज वाटते. मी स्वतः मळलंय ते पीठ. तरी दचकते.

रमजान १८

मदामना सगळं सांगितलं, ताटलीचंसुद्धा. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या लहानपणी पण लोक यायचे, जिन्यात ओरडायचे, मग कुणाच्या तरी लग्नात भेटले की गळ्यात पडायचे. तीस भाग होतील, ईद होईल, बायका केक करायला लागतील, विसरतील. भावाकडे जा म्हटलं तर म्हणाल्या, तिकडं मला कोण ओळखतं.

बारा भाग राहिले.

पोलिसांना फोन लावला. पलीकडून विचारलं, बोला. कोण बोलतंय. बोला की. माझा नुसता श्वास ऐकून त्यांनी ठेवला.

रमजान १९

चार वाजता दार वाजलं. हळू. मलक. एकटी.

पहिला रोजा आहे तिचा, सगळ्यांना सांगून बसलीय. भूक सहन होईना. तुमच्याकडे रोजा धरत नाहीत ना, म्हणाली, ती कुरकुरीत दे. खाली जा म्हणायला हवं होतं. जा, एकच अक्षर. ती माझ्या हाताखालून आत गेली. तीन भाकऱ्या मुरंब्याशी खाल्ल्या. पाणी प्यायली. मग रडायला लागली, आईला कळलं तर, वाएल चिडवेल तर. शपथ घातली मला, सांगायचं नाही. बाहेरच्या खोलीतल्या पलंगाखाली जाऊन बसली आणि तिथंच झोपली.

उचलून नेऊन देऊ? जिन्यात मला हिच्याबरोबर बघितलं तर —

एक तास झाला. खाली हाका सुरू झाल्यात. मलक, मलक. आधी वाएलची आई, मग बायका, मग पुरुष.

*

आता सगळे जिन्यात आहेत. दुसरा मजला बघून झाला. कुणीतरी म्हणालं, कशाला शोधत बसलाय, आपल्याला माहीत नाही का कुठं. मग हाका बंद झाल्या आणि पावलं थेट वर यायला लागली. ते फार वाईट होतं.

पलंगाखाली वाकून सांगितलं, चल. येत नाही, अर्धी झोपेत आहे. तोंडाला भाकरीचा चुरा. पुसते तर तोंड फिरवते. फ्रॉकवर मुरंबा सांडलाय, लालसर —

दारावर थापा. पाठ दाराला लावून बसलेय. वही मांडीवर. दार पाठीवर आपटतंय.

बोलायचं आहे. पोर इथं आहे, धड आहे, भूक लागली म्हणून आली. तीन वेळा तोंड उघडलं. कागदावर येतंय, तोंडातून येत नाही. पान फाडून दाराखालून सरकवते — बशंदीकाकांना वाचता येत नाही, पण वाएलला येतं —

सरकवलं. पोर धड आहे, रोजा मोडला म्हणून लपलीय, एवढंच लिहिलं. थापा थांबल्या. कुणीतरी मोठ्यानं वाचतंय. वाएलचा आवाज. वाएलची आई म्हणतेय, खरं असेल तर तिला बोलू दे. मलक, बोल गं, आईशी बोल.

बोल ना मलक. एक शब्द.

मदाम उठून आल्या. पांढरी शाल, काठी. पलंगाशी वाकल्या. किती गोड बोलतायत, ये राणी, आई बोलावतेय, घाबरू नकोस. हात पुढं केला. ठिपक्यांचा हात. मलकनं डोळे उघडले आणि हात बघितला —

नको मदाम, हात मागं घ्या, मागं —

किंचाळली. आई, ही मला कापतेय, असं. एवढ्या जोरात. मदाम तिथंच जमिनीवर बसल्या, हात तसाच पुढं. काही नाही गं बाळा, म्हणतायत, कुणाला म्हणतायत —

बाहेर आता कुणी थापा मारत नाही. सगळे मिळून ढकलतायत. वरची कडी गेली. मी दोन्ही पाय भिंतीला लावलेत. पीठ आणि पाणी, काकू. मी मळलंय, मी, पीठ आणि