डाव्या बाजूचा ऊद

अलेप्पो,
२ सप्टेंबर २००७

प्रिय सफवान,

सलाम. तू बरा असशील, दोह्यात उकाडा असेल, तुझ्या कामावरचे हॉटेलवाले वेळेवर जेवायला घालत असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. आईच्या गुडघ्यांचं तेच रडगाणं. तुझ्या मेहुण्याच्या, नजीबच्या दवाखान्यात लोक दात दाखवायला येतात, गप्पा मारून जातात. ते गुडघे आणि माझं डोकं सोडलं तर घरात कुणाचं काही दुखत नाही.

फोन तू उचलत नाहीस. ईमेल करावी तर कॉम्प्युटर आईबाबांच्या बैठकीच्या खोलीत, आणि मी लिहायला बसले की आई मागे उभी राहून एकेक शब्द वाचते. म्हणून हे पत्र. शेजारच्या उम्म बशीरचा जावई रजा संपवून दोह्याला परत चाललाय, त्याच्या हाती देतेय. सोबत पिस्ते आहेत आणि या वर्षीच्या लाल मिरच्यांच्या वाटणाची बरणी आहे. बरणी पोचली की नाही, तेवढं तरी कळव.

मला तुझ्याशी साउंड कार्डाबद्दल बोलायचंय. हसू नकोस. गेल्या बकरी ईदपासून या घरात दुसरा विषय नाही, आणि ते सगळं निस्तरायला एकटी मी.

त्या ईदबद्दल मी जास्त बोलणार नाही. पण तिथूनच सुरुवात आहे, त्याला मी काय करू? तू स्वतःच्या ऊदवादनाची डिस्क घेऊन आलास. बाबांच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने हेडफोन चढवलास. आम्हाला ऐटीत सांगितलंस की स्टुडिओवाल्याने ऊद एका कानात ठेवलाय आणि व्हायोलिन दुसऱ्यात, म्हणजे मधे श्वास घ्यायला जागा राहते. मग बाबांच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत उभा राहिलास. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "व्हायोलिन छान आहे. ऊद कुठाय?"

दुसरं कुणी असतं तर तू चार शिव्या देऊन मोकळा झाला असतास. पण बाबा, गाव ज्यांना तुझ्या नावाने अबू सफवान, सफवानचा बाप म्हणतं ते, असं म्हणाले म्हणजे संपलंच. आपल्या गावात गवई मैफलीत बसला की आधी बाबा कुठे बसलेत ते शोधतो. त्यांनी डोळे मिटले तर त्याचं नशीब उघडलं, त्यांनी चहा मागवला तर बिचाऱ्याने वाद्य आवरावं. सम्मीअ म्हणतात त्यांना लोक. ऐकणं हाच त्यांचा हुद्दा. तेव्हा तू दुसऱ्या दिवशी बॅग उचललीस यात मला नवल वाटलं नाही. बाबांनी मात्र तुझा ऊद नाकारला नव्हता रे. त्यांनी खरंच विचारलं होतं.

तू गेलास त्या दिवशी ते दिवसभर हेडफोन लावून बसले होते. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "या यंत्राने माझ्या मुलाचा ऊद खाल्ला. डावी बाजू मेलीय. ते काय असतं, कार्ड, ते बदला."

मी म्हटलं, "मग सफवानला सांगा ना तसं."

"अर्धवट ऐकून एकदा बोललोय, आता पुन्हा नाही बोलणार. आधी कार्ड बदल. नीट ऐकतो आणि मग मीच त्याला फोन करतो."

आता कळलं, मी त्या भिकारड्या कार्डामागे हात धुऊन का लागले ते?

पहिल्यांदा मी आणि नजीबने हेडफोन लावून बघितला. दोन्ही बाजू ठणठणीत. नजीब म्हणाला, "मामा, मला तर दोन्हीकडून येतंय." बाबा म्हणाले, "तुला दाताखेरीज काय कळतं? तुम्हा पोरांना कान नाहीत, नुसती भोकं आहेत." संपला विषय. अबू सफवान म्हणतात डावी बाजू मेली, म्हणजे मेली. या घरात भिंत वाकडी असेल, सूर्य चुकला असेल, बाबांचा कान चुकणार नाही. मीही तेच मानलं. कुणी नाही मानलं असं सांग.

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या हागोपकडे गेले. त्याला तू ओळखतोस, तोच आर्मेनियन, ज्याच्या तीन पिढ्या इथे गेल्या तरी बाई आणि पुरुष यांचा घोळ जिभेवरून जात नाही. तो आधी घरी आला. त्याने हेडफोन लावला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "चांगली वाजतो."

बाबा म्हणाले, "नीट ऐक, हागोप."

त्याने परत ऐकलं. "हो अबू सफवान. डावा बाजू थोडा आजारी आहे." बाबांनी म्हटल्यावर त्यालासुद्धा तसं ऐकू यायला लागलं. मी समोर उभी होते, शपथेवर सांगते.

कार्ड एक, आणि माणसं तीन. नजीबला खेळासाठी हवं. दिवसभर लोकांचे दात उपटून झाले की संध्याकाळी याला बंदूक घेऊन पळायचं असतं, आणि शत्रू पाठीमागून आला तर त्याच्या पावलांचा आवाज पाठीमागूनच यायला हवा. आईला तिचे जुने इजिप्शियन सिनेमे, त्यातली नायिका हुंदका देऊन काय बोलते ते अक्षर न् अक्षर कळलं पाहिजे. बाबांना फक्त ऊद.

हागोपने पहिलं आणलं ते खेळाचं. "मैसून खानुम, ही कार्ड एकदम घोडा आहे." घोडाच होता. नजीब खूश, भिंती हादरायला लागल्या. पण त्यात आवाज घुमवायची कसलीशी सोय होती, नजीबने ती चालू केली आणि त्याला बंद करता येईना. आईची नायिका नवरा मेल्यावर रडायला लागली ती हम्माममध्ये बसून रडल्यासारखी. आई म्हणाली, "मेल्यांनो, त्या बाईला आधी न्हाणीघरातून बाहेर तरी काढा." बाबांनी हेडफोन लावला, काढला. "डावी बाजू मेलेलीच आहे."

दुसरं आणलं ते खास संगीताचं. हागोप म्हणाला, रेडिओ स्टेशनवर अशीच असतो. आवाज स्वच्छ, पण नजीबचा खेळ सुरू झाला की कॉम्प्युटर गोठायचा. जावई जेवणावर फुगून बसला, मी क्विन्सची फळं घालून केलेले मटणाचे किब्बे त्याने ताटात नुसते चिवडले. बाबा म्हणाले, "व्हायोलिन आधीपेक्षा छान आहे." आणि उठून गेले.

दरम्यान आपलं जुनं कार्ड हागोपने मोडीत घेऊन स्वतःच्या घरी बसवलं होतं. मला दुकानाच्या दारातच म्हणाला, "तुझ्या बाबांची जुना कार्ड माझ्याकडे बुलबुलसारखी गातो. दोन्ही बाजूने." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, आम्हाला फसवलंस, चांगलं काढून वाईट बसवलंस. तो छातीवर हात ठेवून येशूच्या आईच्या आणाभाका घेत राहिला. घरी आल्यावर जरा थांबून विचार करायचा, एवढंही मला सुचलं नाही.

मग तिसरं. हे आत बसवायचं नाही, वायरने बाहेरून जोडायची डबी. हागोप टेकीला आला होता, म्हणाला, "ह्याने पण नाही झालं तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावते."

गेल्या महिन्यातली दुपार. मी किब्ब्याचं मटण मळत होते, हात कोपरापर्यंत भरलेले. आई आतून हाका मारतेय, बाबा बाहेरून म्हणतायत, "मैसून, ती डबी लाव बघू." कसेबसे हात धुतले, डबी लावली, तुझी डिस्क सुरू केली आणि हेडफोन बाबांच्या डोक्यावर जवळजवळ आदळलाच. तोंडाने पुटपुटत होते की आता यांना ऊद ऐकू आला नाही तर मीच दोह्याला जाते आणि त्या गाढवाला कान धरून घेऊन येते. गाढव म्हणजे तू.

मी वळले तर मागून बाबा म्हणाले, "आला."

तळहात वर, डोळे मिटलेले. "ऊद आला."

आई ओढणीने डोळे पुसत अल्लाचे आभार मानायला लागली. मी म्हटलं, चला, सुटले. हागोपला मिठाई पाठवायची, नजीबच्या खेळाचं काय व्हायचं ते होवो. बाबा पहिला तुकडा पूर्ण ऐकून दुसऱ्यात शिरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"व्हायोलिन कुठे गेलं?"

माझा तोल गेला. "आता व्हायोलिनही रुसलं का या घरावर? बाबा, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

त्यांनी हाताने हेडफोनची वायर चाचपली. ती नेहमी डाव्या खांद्यावरून खाली येते. त्या दिवशी उजव्या खांद्यावर होती, मी घाईत उलटा घातला होता. त्यांनी हेडफोन काढला, फिरवून घातला. ऐकलं. पुन्हा काढला, पुन्हा उलटा घातला. मग हळूच आईला म्हणाले, "कॉफी टाकतेस?"

आई आत गेल्यावर त्यांनी संगीत बंद केलं.

"कार्ड चांगलं आहे, मैसून. पहिलंही चांगलंच होतं."

मी म्हटलं, "बाबा."

"ईदच्या आधी डोकं गरगरून निजून होतो ना, तेव्हाच हा डावा कान गेला असणार. मला वाटत होतं, लोकच हळू बोलायला लागलेत." मग डबीकडे बघून म्हणाले, "आणि मी त्या पोराच्या तोंडावर विचारलं, ऊद कुठाय."

"मग आत्ता करा ना फोन. लावून देते."

"आणि काय सांगू? बहिऱ्याने तुझा ऊद नापास केला म्हणून सांगू?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझ्याकडे दुसरं काय आहे, पोरी? दुकान विकलं, मैफलीत मला कुणी पैशासाठी पुढे बसवत नाही. यातलं कुणाला काही सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. सफवानला तर मुळीच नाही."

सफवान, मला तेव्हा इतका राग आला. त्यांचा, तुझा, त्या हागोपचा, आणि सगळ्यात जास्त आम्हा सगळ्यांचा, की यंत्रं बदलत बसलो आणि माणसाकडे एकदाही बघितलं नाही. मी आत जाऊन ते मटण एवढं मळलं की त्याचा लगदा झाला. नजीबला मी काही बोलले नाही, त्याने आपणच ओळखलं. डॉक्टर आहे, दातांचा का असेना. दाढ तपासायच्या निमित्ताने बाबांना कानाच्या डॉक्टर मित्राकडे घेऊन गेला. डोकं गरगरलं तेव्हाच आणायला हवं होतं म्हणे, आता उपाय नाही.

गुरुवारच्या मैफलीला बाबा जात नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगतात, गुडघे आईचे. लोक दारात येऊन हाका मारतात, "अबू सफवान, चला की." दिवसभर गल्लीत तुझंच नाव घुमत असतं आणि तू फोन उचलत नाहीस.

दुपारी मात्र ते तुझी डिस्क लावतात. एक तुकडा हेडफोन सरळ घालून, मग तोच उलटा घालून. मग हेडफोन काढून डोळे मिटून बसतात आणि दोन्ही डोक्यात जोडतात. परवा तिसऱ्या तुकड्यात, जिथे तू खालच्या तारेवर येऊन अचानक थांबतोस, तिथे त्यांचा हात वर गेला आणि तोंडातून "अल्लाह" निघालं. तसं मी त्यांच्याकडून किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मला जवळ बोलावून म्हणाले, "इथे तो थांबलाय. थांबायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं." आता हा निकाल तुला कुणी कळवला असता?

आईला काही माहीत नाही. पण हल्ली ती बाबांशी बोलताना फिरून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बोलते. 

हे वाचून लगेच फोन करायला जाऊ नकोस. बाबा सवयीने फोन डाव्या कानाला लावतात, "लाइन खराब आहे" म्हणून ठेवतात आणि मग टेलिफोनवाल्यांशी भांडायला मला पाठवतात. रमजान दहा दिवसांवर आलाय, ईदला रजा घे आणि ये. डिस्क आणू नकोस, ऊद आण. आल्यावर काही विचारू नकोस, माफी मागू नकोस आणि त्यांनाही मागू देऊ नकोस. जेवण झालं, कॉफी झाली की ऊद मांडीवर घे आणि बाबांच्या उजव्या हाताला बस. लोक म्हणतील, बापाने मुलाला मानाची जागा दिली. म्हणू दे.

त्यांचं मेलेलं तोंड मला बघायचं नाही. म्हणून मी कुणाला काहीही सांगितलेलं नाही.

तुला फक्त साउंड कार्डाबद्दल लिहिणारी,
तुझी बहीण,
मैसून

उजव्या हाताला, सफवान.