सगळ्यांचं उत्तर नऊ पॉइंट आठ

बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

गेल्या आठवड्यात मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. चाळीस मुलांचं उत्तर नऊ पॉइंट आठ आलं, कारण गेल्या वर्षीच्या मुलांच्या वहीत तेच आहे. एका मुलीने मात्र अकरा पॉइंट तीन लिहिलं. मी स्वतः प्रयोग करून पाहिला. यंदाचं द्रावण वेगळं होतं, तिचंच बरोबर होतं. तिला पूर्ण गुण दिले, बाकीच्यांचे कापले.

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "अहो मॅडम, एक पोरगी शहाणी आणि चाळीस जण खुळे? वर काय तोंड दाखवू? तुमची नेमणूकही या वर्षापुरतीच आहे ना?"

मी गुण उलटे केले, बाबा. सहीही केली.

काल ती मुलगी आली. "मॅडम, माझं कुठे चुकलं?"

मी म्हणाले, "पुढच्या वेळी नीट बघ."

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगता, मुलगी प्राध्यापक झाली. थोडे दिवस सांगू नका.

तब्येतीला जपा.

तुमची लेक