मी मुळीच ओरडत नाही

१२ जून. ओमाहा. संध्याकाळ.

सामान भरून झालं. बायकोने, मार्नीने, सकाळीच भरलं होतं, ते मी सगळं बाहेर काढून पुन्हा नीट भरलं. आता कूलरचं झाकण उघडत नाही. तो कूलरचा दोष.

जेवताना मार्नीने अट घातली. "वेंडेल, येलोस्टोनला केलास तसा तमाशा या वेळी केलास, तर पुढच्या उन्हाळ्यात मी आणि ब्रिन माझ्या बहिणीकडे तळ्यावर. तू तुझं बघ." शिवाय एक नियम. गाडीत ज्याचा आवाज चढेल, त्याने त्या दिवसापुरतं स्टिअरिंग सोडायचं. पंच कोण, तर आमची लेक ब्रिन. वय वर्षे नऊ.

मी हसत हात पुढे केला. मी मुळात ओरडतच नाही. आवाज भरदार आहे, एवढंच. फर्निचरच्या दुकानात शेवटच्या सोफ्यापर्यंत ऐकू जावं लागतं. आणि येलोस्टोनला मी कुणावर ओरडलो? बायसनवर, एका रानगव्यावर. तो रस्त्यातून हटत नव्हता.

मार्नी गेली अकरा वर्षं शाळेची बस चालवते. पण मोटरहोमची, चाकांवरच्या घराची, गोष्ट वेगळी. त्याला डोकं थंड लागतं.

डॅशबोर्डवर जुना फोटो चिकटवला. ग्रँड कॅन्यनचा कठडा. डॅडी, कोरीनताई आणि नऊ वर्षांचा मी. आईने काढलेला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस. तोच फोटो पुन्हा काढायचाय, त्याच जागी. डॅडींच्या जागी मी, माझ्या जागी ब्रिन. ही सगळी यातायात त्यासाठीच.

१३ जून. कोलोरॅडोत कुठेतरी.

दिवसभर उत्तम वेग. ब्रिनला तीनदा बाथरूमला जायचं होतं. एकदा थांबलो. गाडीत बाथरूम आहे, पण त्यात मी खुर्च्या भरल्यात.

एका पिकअपवाल्याने आडवी गाडी घातली. मी त्याला चार शब्द सुनावले. लगेच मागून आवाज आला, "डॅड, आवाज!" मी समजावलं की खिडकी बंद होती, त्याला ऐकू गेलं नाही, मग ते ओरडणं कसं? ब्रिनने विचार केला आणि मान्य केलं. हुशार मुलगी आहे. माझ्यावर गेलीय.

मार्नी म्हणाली, "आम्हाला ऐकू गेलं." मी मूग गिळून बसलो. नोंद असावी.

१४ जून. मोआब. आर्चेस पार्क.

पार्कच्या ऑफिसात ब्रिनने एक पुस्तिका भरली, हात वर करून शपथ घेतली आणि ज्युनियर रेंजरचा बिल्ला मिळवला. तिथून कटकट सुरू झाली.

कमानीकडे जाणारी पायवाट वळणं घेत जाते. कशाला? कमान समोर सरळ दिसत होती. मी वाळूतून आडवा निघालो. मागून ब्रिन किंचाळली, "डॅड, थांब! ती माती जिवंत आहे!" म्हणे त्या काळपट खडबडीत थरात बारीक जीव असतात आणि एक पाऊल पडलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. पन्नास माणसं बघायला लागली. एक म्हातारी तर "शी!" म्हणाली. मी जोरात विचारलं, मग इथे जिवंत नाही असं आहे तरी काय? हे गाडीबाहेर घडलं. नियम गाडीतला आहे.

ब्रिनने मला मातीची माफी मागायला लावली. मागितली. बेचाळिसाव्या वर्षी मातीची माफी!

१५ जून. ब्राइस कॅन्यन.

सांडपाण्याची टाकी रिकामी करताना पाइप निसटला. अधिक लिहीत नाही. बूट टाकून दिले.

मी जे काही बोललो ते पाइपला बोललो. यंत्राला बोललेलं धरत नाहीत, असा पंचांचा निकाल आहे. शेजारच्या गाडीतल्या बाईने मात्र आपल्या पोरांचे कान झाकले. लोकांना दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची भारी हौस.

संध्याकाळी मार्नी आणि ब्रिन दरीतले ते लाल सुळके बघायला खाली उतरल्या. मी गाडीत राहून उद्याचं वेळापत्रक दुरुस्त केलं. कुणीतरी ही जबाबदारी घ्यायलाच हवी.

१६ जून. झायन.

आज शेवटी किंमत कळली माझी. झायनच्या जुन्या बोगद्यात आमची गाडी एका बाजूने मावत नाही, म्हणून समोरची सगळी वाहतूक रोखून धरली आणि आम्हाला रस्त्याच्या मधोमध जाऊ दिलं. पलीकडे पंचवीस-तीस गाड्या वाट बघत उभ्या. मी सगळ्यांना हात केला. उलट कुणीच हात केला नाही.

पुढे गेल्यावर कळलं, दरीत खासगी गाडी नेता येत नाही, पार्कच्या बसने जायचं. स्वतःची सव्वीस फुटी गाडी असताना बस! तळपायाची आग मस्तकात गेली. मार्नी शांतपणे म्हणाली, "बसमध्ये बसायला काय होतं? मी रोज चालवते." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी पार्किंग शोधून येतो.

साडेचार तास गावात घिरट्या घातल्या. एका हॉटेलवाल्याने दोनदा हाकललं. दोघी परतल्या त्या कमरेपर्यंत भिजून, नदीत चालून आलेल्या, दात काढत. मला विचारलं, "तू काय बघितलंस?" मी म्हटलं, गाव.

ठरवलं. उद्यापासून संपूर्ण शांतता. नाकाने श्वास.

१७ जून. ॲरिझोना.

या राज्यातल्या घड्याळांना आग लागो.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो आदिवासींच्या हद्दीत करतात. रस्ता यातून त्यात जातो. पेज गावातून निघालो तेव्हा तीन. थोडं पुढे गेलो तर फोन म्हणतो सव्वाचार! एक तास कुणी खाल्ला? कॅम्पचं फाटक सहाला बंद होणार. मी फोनला विचारलं. ब्रिन म्हणाली, "डॅड, आवाज." मी म्हटलं, फोन हे यंत्र आहे.

कॅमेरॉनपाशी रस्त्याकडेला एक नावाहो मावशी तळलेल्या भाकऱ्या विकत होती. मार्नीने तीन सांगितल्या. मी हॉर्न वाजवला. हॉर्न म्हणजे आवाज नव्हे. मावशी कढईतून मान न उचलता म्हणाली, "साहेब, इथे आमचं घड्याळ, त्या टेकडीपलीकडे दुसऱ्यांचं. तुम्हाला दोन्हीकडे उशीर झालेला दिसतोय." मार्नी हसली. जोरात हसली. मी गाडी सुरू केली. भाकऱ्या तेलातच राहिल्या. ब्रिनला त्या मधाबरोबर खायच्या होत्या. ती कॅन्यनपर्यंत मागच्या काचेला नाक लावून बसली.

टेकडी ओलांडली आणि फोनने तास परत दिला. फाटकावर आम्ही वेळेच्या कितीतरी आधी. कुणी शाबासकी दिली नाही.

जेवणानंतर कोरीनताईला फोन केला. उद्या तोच फोटो काढतोय, आईने काढला होता तसाच, म्हटलं. ती म्हणाली, "आईने? वेड्या, आई गाडीतून उतरलीच नव्हती. पार्किंगपायी डॅडी एवढे ओरडले की ती दार लावून आत बसली ती बसलीच. फोटो कुणा परक्या बाईने काढला. तुझे डोळे बघ ना त्यात. सकाळपासून रडत होतास."

ताईला पहिल्यापासून तिखटमीठ लावायची सवय. गाडीत जाऊन फोटो बघितला. डोळे उन्हामुळे सुजलेत.

१८ जून. ग्रँड कॅन्यन.

पार्किंगमध्ये पाऊण तास. शेवटी एक जागा रिकामी झाली, मी दिवा लावून थांबलो आणि एक लाल टीचभर गाडी सुळकन आत घुसली. मी खाली उतरलो. म्हणजे नियम लागू नाही. मी त्या माणसाला जे सांगायचं ते सांगितलं, त्याच्या खानदानासकट, आणि मुद्दा पटवण्यासाठी आमच्याच गाडीच्या लोखंडी पायरीला लाथ घातली.

अंगठा मोडला. उजव्या पायाचा.

ब्रिनचा निकाल: "तू बाहेर होतास, म्हणून धरत नाही. पण डॅड, सगळ्यांनी ऐकलं." तिचा चेहरा लाल झाला होता. उन्हाने नव्हे.

दवाखान्यातून पट्टी बांधून आल्यावर मार्नी स्टिअरिंगवर बसली. सव्वीस फुटी गाडी तिने एका झटक्यात मागे घेऊन दोन बसच्या मधोमध लावली. मी तिला दिशा सांगणार होतो. वेळच मिळाला नाही.

पार्कवाल्यांनी चाकांची खुर्ची देऊ केली. मी नको म्हटलं. मार्नी म्हणाली, "चल ना. इतक्या लांब आलास." मी म्हटलं, मला दया नको. हे जरा मोठ्याने म्हटलं. गाडीत म्हटलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, ब्रिनचा हात धरला आणि गेली. मी दार लावून घेतलं.

गाडीत बसून कॅन्यन दिसत नाही. समोरच्या बसचं मागचं चाक दिसतं. आईला काय दिसलं असेल, कोण जाणे.

तासाभराने आल्या. ब्रिनच्या त्या लगेच फोटो निघणाऱ्या कॅमेऱ्याने कुणा बाईने दोघींचा फोटो काढून दिला होता. ब्रिनने तो डॅशबोर्डवर जुन्याच्या शेजारी चिकटवला. तोच कठडा. दोघी तोंडभर हसतायत. ऊन तेवढंच कडक होतं. ब्रिनचे डोळे सुजलेले नाहीत.

२० जून. न्यू मेक्सिको, परतीच्या वाटेवर.

मागच्या बेडवर पाय उशीवर ठेवून पडलोय. दिवसभर मार्नीने चालवली. दर दोन तासांनी थांबते. खुर्च्या काढून छपरावर बांधल्यात. कूलर उघडतो.

पुढे दोघींचं काहीतरी चाललं होतं, सारख्या हसत होत्या. काय झालं म्हणून विचारलं. "काही नाही, डॅड."

पेट्रोल भरताना मार्नी बहिणीशी फोनवर बोलत होती. खिडकी उघडी होती. "हो, पुढच्या वर्षी जुलैत. पूर्ण महिना. नाही, दोघीच."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. एकदाही ओरडलो नाही, एकदाही स्टिअरिंग गमावलं नाही, हे मला तिला सांगायचं होतं. अंगठ्यामुळे गेलं, ते वेगळं.

संध्याकाळी ब्रिन माझ्यासाठी सँडविच घेऊन मागे आली. मी विचारलं, ट्रिपमधला सगळ्यात मस्त दिवस कुठला? मनात म्हटलं, बोगद्याचा म्हणेल.

ती लगेच म्हणाली, "आजचा."

पण आज तर आपण काहीच बघितलं नाही, मी म्हटलं. हळूच म्हटलं.